वायरकट : प्रक्रिया, तिचे लाभ आणि तिच्या नावाचा प्रश्न

धातुकामातील एका यांत्रिक प्रक्रियेविषयी भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने लिहावे, याचे या पत्रिकेच्या काही वाचकांस नवल वाटेल. त्याचा खुलासा आरंभीच केलेला बरा. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास मुभा दिली आणि त्यानंतर मराठी पाठ्यपुस्तके व परिभाषेच्या याद्या सिद्ध करण्याच्या कामास वेग आला. अशाच एका यादीची भाषिक तपासणी प्रस्तुत लेखकाकडे आली होती. कारखान्यांत ‘वायरकट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेसाठी तीत ‘तारकर्तन’ हा प्रतिशब्द सुचविलेला होता; त्यापुढील व्याख्येची जागा मात्र रिकामी होती. ती मी भरली : ‘ताणलेल्या बारीक व कठीण तारेने धातू कापण्याची क्रिया.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. वस्तुस्थितीच्या दृष्टीने ते सपशेल चुकीचे होते, हे यादी छापून झाल्यावर कळले.

कळले ते एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिल्पनिदेशकांच्या पत्रावरून. त्यांच्या एका विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत असे उत्तर दिले होते की, पोलाद जितके अधिक कठीण, तितकी अधिक कठीण तार यंत्रावर चढवावी लागते. आधार विचारता त्याने छापील यादी पुढे केली. ‘मुलाला गुण द्यावेत की यादीला शून्य द्यावे, हे आपणच सांगावे,’ असे त्या पत्रात लिहिले होते. पत्राचा सूर सौम्य होता, पण मला जे लागावयाचे ते लागले. पुढे त्याच गृहस्थांनी मला भोसरी येथील एका टूलरूममध्ये नेले आणि यंत्रापुढे उभे केले. प्रस्तुत लेख हा त्या व त्यानंतरच्या भेटींचे आणि वाचनाचे फलित आहे.

तेथे प्रथम ध्यानात आलेली गोष्ट ही की, तार मऊ असते. रिळावरील पितळेची तार मी बोटाने वळवून पाहिली. ती साध्या दोऱ्यासारखी वळली. उलट, यंत्रात धरलेल्या पोलादी ठोकळ्यावर कानस चालवून पाहिली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. ही मऊ तार त्या ठोकळ्यातून आरपार वाट काढीत होती. भोवती पाण्याचा झोत होता व त्यात निळसर प्रकाशाची एक बारीक रेघ लुकलुकत होती. यंत्रावरील वयस्क कारागिरास मी विचारले, ‘ही तार एवढे कठीण पोलाद कापते कशी?’ तो म्हणाला, ‘कापत नाही सर, खाते.’ या उत्तराकडे लेखाच्या अखेरीस परत यावयाचे आहे.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. रिळावरून सुटलेली तार वरच्या व खालच्या अशा दोन मार्गदर्शकांतून ताणून नेलेली असते. तिचा व्यास बहुधा ०.२५ मिलिमीटर असतो. फार नाजूक कामासाठी याहून पुष्कळ बारीक तारही वापरतात. मार्गदर्शकांची छिद्रे बहुधा हिऱ्यात पाडलेली असतात. म्हणजे या यंत्रात हिरा असतो खरा, पण त्याचे काम तार जागेवर ठेवण्यापुरतेच. कापावयाच्या धातूशी त्याचा संबंध येत नाही. तारेचाही येत नाही. तार आणि धातू यांच्यामध्ये दोन-चार शतांश मिलिमीटरची फट सदैव राखलेली असते, व तीतून आयन काढून टाकलेले पाणी वाहते ठेवतात. साधे पाणी विजेचे वाहक असते. आयन काढल्याने ते पुष्कळ अंशी विसंवाहक बनते.

तारेला विजेच्या पुरवठ्याचे ऋण टोक व धातूला धन टोक जोडून दाब स्पंदांच्या रूपाने दिला जातो. फट जेथे सर्वांत अरुंद असेल तेथे पाण्याचा विसंवाहक पडदा फुटतो आणि ठिणगी पडते. तिचे आयुष्य मायक्रोसेकंदात, कित्येकदा त्याच्याही अंशात मोजावे लागते. परंतु तेवढ्या अवधीत तिच्या मार्गातील तापमान आठ ते बारा हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्या बिंदूवरील धातू वितळतो, काहीसा वाफ होऊन जातो. प्रवाह तुटताच वाफेचा बुडबुडा कोसळतो व वितळलेला कण उडून पाण्याबरोबर वाहून जातो. मागे काही मायक्रॉनांचा एक खळगा राहतो. सेकंदाला अशा हजारो, प्रसंगी लाखो ठिणग्या पडतात. फट मिटू लागली की संगणकीय नियंत्रण तारेला थोडे मागे घेते, रुंदावली की पुढे सरकवते.

ठिणगी जशी धातूला झिजवते, तशीच तारेलाही झिजवते. म्हणूनच तार स्थिर न ठेवता मिनिटाला सहा ते बारा मीटर या गतीने सतत नवी पुरविली जाते आणि एकदा फटीतून गेलेली तार थेट भंगारात जाते. ही झीज हिशेबात धरलेली असल्यामुळे धातूपुढे उभे राहणारे हत्यार प्रत्येक क्षणी नवेकोरे असते. कोणत्याही पात्याविषयी असे म्हणता येणार नाही.

या विद्येचा जन्मही झिजेतूनच झाला, हे येथे सांगितले पाहिजे. विजेच्या ठिणगीने धातूवर खळगे पडतात, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच जोसेफ प्रीस्टली यांनी नोंदविली होती. मॉस्को येथे बोरिस व नताल्या लाझारेंको या संशोधक दांपत्यापुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जो प्रश्न होता, तो ही झीज थांबविण्याचा होता : विद्युत् उपकरणांतील टंगस्टनचे स्पर्शबिंदू ठिणग्यांमुळे लवकर निकामी होत. झीज थांबली नाही. परंतु स्पर्शबिंदू द्रवात बुडविले असता ती अधिक नियमित होते, असे त्यांना आढळले. जे थांबविता येत नाही पण आवरता येते, ते कामास लावावे, असा उलटा विचार करून त्यांनी १९४३ साली ठिणगीने धातू झिजविण्याची पद्धत मांडली. आकार दिलेल्या हत्याराऐवजी तार वापरण्याची कल्पना पुढची. अंकीय नियंत्रणाचे तारयंत्र स्वित्झर्लंडच्या आजी या कंपनीने १९६९ साली बाजारात आणले. आज पुण्यातही इलेक्ट्रॉनिकासारख्या कंपनीकडून अशी यंत्रे बनविली जातात.

आता लाभांकडे वळू. यंत्र विकणाऱ्यांच्या पत्रकांत लाभांची लांबलचक माळ असते. माझ्या मते त्यांतील बहुतेक मणी एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत, आणि तो दोरा म्हणजे धातूचा कठीणपणा या प्रक्रियेला जाणवत नाही, हा होय. विजेला धातू किती कठीण याची पर्वा नसते. तो वाहक आहे की नाही, त्याचा वितळणबिंदू व उष्णतावाहकता काय, एवढेच ती पाहते. या एका गोष्टीमुळे कारखान्यातील कामांचा क्रम कसा उलटला, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

विद्युत् मोटरीचा गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून केलेला असतो. गाभ्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होऊन ऊर्जा वाया जाऊ नये, हा त्यातील हेतू. अशी चकती बहुधा अर्धा मिलिमीटर जाड असते व तिच्या कडेने तारांची वेटोळी बसविण्याच्या खाचा असतात. चकत्या पंच व डाय यांच्या जोडीने पत्र्यातून ठोकून काढतात. पंच डायमध्ये शिरतो तेव्हा दोहोंमध्ये दर बाजूस सोडावयाचे अंतर पत्र्याच्या जाडीच्या सुमारे पाच टक्के धरले, तर ते अवघे ०.०२५ मिलिमीटर येते. हे अंतर एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस अधिक झाले, तर चकतीच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ती शेजारच्या चकतीवरील विसंवाहक लेपास भेदते आणि ज्या प्रवाहांना रोखण्यासाठी चकत्या वेगळ्या केल्या, त्यांनाच वाट मोकळी करून देते.

जुन्या पद्धतीत डायचा आकार पोलाद मऊ असतानाच घडवावा लागे. छिद्रे पाडावयाची, करवतीने जोडावयाची, मग कानशीने रेषेपर्यंत आणावयाचे. त्यानंतर पोलादाला पाणी द्यावयाचे, म्हणजे तापवून व वेगाने निववून ते कठीण करावयाचे. दुःख येथेच होते. पाणी दिल्यावर पोलादाचे आकारमान बदलते. शंभर मिलिमीटरांमागे हा बदल काही शतांश मिलिमीटरांचा असतो, म्हणजे जे अंतर राखावयाचे त्याहूनही तो मोठा असू शकतो. मग डायचे तुकडे करून ते वेगवेगळे घासावयाचे व पुन्हा जुळवावयाचे, किंवा निळा रंग लावून, कोठे टेकते ते पाहून, हाताने घोटीत बसावयाचे. ही विद्या ज्या फिटरांच्या हातात होती, त्यांची कारखान्यात मोठी प्रतिष्ठा असे, आणि ती रास्तच होती.

वायरकटने हा क्रम उलटा केला. डी-२ सारख्या पोलादाचा ठोकळा प्रथमच पाणी देऊन रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ इतका कठीण करावयाचा, त्याच्या बाजू घासून घ्यावयाच्या, आणि आकार सर्वांत शेवटी कापावयाचा. वाकडेपणा जो यावयाचा तो अगोदरच येऊन जातो. तार आत ओवण्यासाठी लागणारी छिद्रे तेवढी पाणी देण्यापूर्वी पाडून ठेवावी लागतात.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. डायची खाच आणि पंच हे एकाच रेखाकृतीवरून कापता येतात. तारेची त्रिज्या ०.१२५ मिलिमीटर, तीत ठिणगीची फट सुमारे ०.०२ मिलिमीटर मिळविली, म्हणजे तारेचा मध्य इष्ट रेषेपासून ०.१४५ मिलिमीटर दूर ठेवावा लागतो. डायसाठी तो रेषेच्या आत, पंचासाठी बाहेर. पंच व डाय यांतील अंतर हवे असेल तेवढे या आकड्यात मिळवावयाचे वा वजा करावयाचे. पूर्वी जे अंतर फिटरच्या बोटांना जाणवत असे, ते आता एका आकड्यात मावते. आणि दोन वर्षांनी पंच तुटला, तर तोच आकडा वापरून तसाच दुसरा पंच मिळतो. कारखानदाराच्या दृष्टीने या पुनरावृत्तीचे मोल वेगापेक्षा अधिक आहे, असे मला वाटते.

वेगाचा विचार केल्यास ही प्रक्रिया मंदच म्हणावी लागेल. समजा, डायची पाटी ३० मिलिमीटर जाड आहे, तीत २४ खाचा आहेत व प्रत्येक खाचेचा परीघ ६० मिलिमीटर आहे. एकूण कापावयाचे क्षेत्र ४३,२०० चौरस मिलिमीटर झाले. मिनिटाला १२० चौरस मिलिमीटर या दराने पहिल्या फेरीसच सहा तास लागतात. कड गुळगुळीत करणाऱ्या पुढच्या हलक्या फेऱ्या धरल्या, तर काम दहा-बारा तासांवर जाते. तारेची गती मिनिटाला दहा मीटर धरली, तर बारा तासांत सात किलोमीटरांहून अधिक, वजनाने सुमारे तीन किलो पितळ भंगारात पडते. मात्र या तासांपैकी पुष्कळसे तास यंत्रापाशी कोणी नसले तरी चालते. तार आपोआप ओवणारी यंत्रे रात्रभर एकटी राबतात. ज्या लहान कारखान्यांस हा तारेचा खर्च परवडत नाही, ते मॉलिब्डेनमची तार ढोलावर गुंडाळून मागेपुढे फिरविणारी यंत्रे वापरतात. त्यांत तीच तार पुन्हा पुन्हा कामास येते. कामाची सफाई व अचूकता मात्र त्या मानाने कमी मिळते.

तिसरा लाभ बळाचा. पाते धातूवर दाब देते, म्हणून पातळ भिंतीचे किंवा नाजूक दात्यांचे काम त्याखाली वाकते. येथे स्पर्शच नसल्याने तो प्रश्न येत नाही. आतल्या कोपऱ्याची गोलाई ०.१५ मिलिमीटरपर्यंत आणता येते, तीही ३० मिलिमीटर खोल भिंतीत. एवढ्या बारीक फिरत्या कटरने इतके खोल काम करणे अशक्यच. वरचा व खालचा मार्गदर्शक वेगवेगळे हलविल्यास तिरकी भिंतही कापता येते. डायमधून चकती सहज खाली पडावी म्हणून खालच्या भागास उतार द्यावा लागतो, तो याच रीतीने देतात.

परंतु ‘बळ मुळीच नाही, ताण मुळीच नाही’ हे पत्रकांतील विधान जसेच्या तसे घेऊ नये. ठिणग्यांचा धक्का व पाण्याचा झोत यांमुळे ताणलेली तार मध्यभागी किंचित मागे वाकते. वळणावर ती मार्गदर्शकांच्या मागे रेंगाळते व कोपरा बोथट होतो. म्हणून कोपऱ्यापाशी गती उतरवावी लागते. शिवाय पाणी दिलेल्या ठोकळ्यात ताण आधीच कोंडलेला असतो. मधला भाग कापून निघताच तो सुटतो आणि ठोकळा हलतो, क्वचित तडकतोही. यावर उपाय यंत्रात नाही. तो पोलाद पुन्हा पुन्हा ऊन देऊन शांत करण्यात आहे. कापलेल्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचा पातळ थरही राहतो. तो कठीण पण ठिसूळ असतो, आणि पहिल्याच फेरीवर काम थांबविले तर डायची धार तेथून उडू लागते. हलक्या फेऱ्या देऊन हा थर काही मायक्रॉनांवर किंवा त्याहून खाली आणतात. जेट एंजिनाच्या चक्तीत पाती बसविण्याच्या खाचा निकेलच्या चिवट मिश्रधातूत कापावयाच्या असतात. तेथे हा थर जीवितसुरक्षेचा प्रश्न ठरतो. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात या वापरासंबंधी विस्ताराने संशोधन झाले आहे.

ज्या वस्तूतून वीज वाहत नाही, तिच्यापुढे ही प्रक्रिया निरुपयोगी होय. तार आरपार जावी लागत असल्याने तळ असलेला खळगाही हिने होत नाही. त्यासाठी हिचीच थोरली बहीण, आकार दिलेल्या तांब्याच्या वा ग्राफाइटच्या हत्याराने धातूत उतरणारी प्रक्रिया वापरतात. तिला आपले कारागीर ‘स्पार्क’ म्हणतात.

येथे माझ्या विषयाचा प्रांत सुरू होतो. दोन्ही प्रक्रियांचे तत्त्व एकच. पण कारखान्याच्या बोलीत एकीचे नाव ठिणगीवरून पडले व दुसरीचे कापण्यावरून. ‘स्पार्कला लावले’ आणि ‘वायरकटला टाकले’ ही वाक्ये ऐकून त्यांतील नाते नवख्यास कळणार नाही. जर्मन, फ्रेंच व रशियन भाषांत दोहोंच्या नावांत झीज दाखविणारा शब्द आहे. तो ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ कुरतडणे. इंग्रजी शास्त्रीय नावात वीज सुटण्याची क्रिया पुढे येते. आपल्या विज्ञानग्रंथांत तिला ‘विद्युत् विसर्जन’ म्हणतात. मराठी कानाला त्यात भाद्रपदातील मिरवणूक ऐकू येते, त्यास इलाज नाही.

‘कापणे’ या क्रियापदात दोष कोठे आहे? कुंभार चाकावरचे मडके दोऱ्याने कापून काढतो. तेथे दोरा मातीहून बळकट असतो, तो मातीला भिडतो आणि तिच्यातून ओढला जातो. ‘तारेने कापणे’ म्हटले की हेच चित्र मनात उभे राहते. माझ्या मनात तेच उभे राहिले होते. हा सारा दोष क्रियापदाचा नाही, काहीसा ‘ने’ या प्रत्ययाचाही आहे. ‘सुरीने कापले’ यात ‘ने’ करण दाखवितो, ‘उन्हाने सुकले’ यात हेतू. पाणिनीने या दोहोंसाठी तृतीया स्वतंत्र सूत्रांनी सांगितली आहे. आपल्या प्रक्रियेत तार हे करण दिसते, पण वस्तुतः धातू ठिणगीच्या हेतूने झिजतो; ठिणगी कोठे पडावी, एवढेच तार ठरविते. माझ्या व्याख्येत हेतूच्या जागी करण बसले होते, आणि त्या विद्यार्थ्याने त्यावरून तर्कशुद्ध अनुमान काढले होते. करण म्हटले की ते कर्माहून कठीण असणार, हे त्याला कोणी वेगळे शिकविण्याची गरज नव्हती.

त्या मानाने कारागिराचे ‘खाते’ हे क्रियापद किती नेमके आहे! गंज लोखंड खातो, वाळवी लाकूड खाते. मराठीत खाणाऱ्याने खाद्याहून कठीण असावे अशी अट नाही. कणाकणाने होणारी, न थांबणारी, मागे खळगे ठेवणारी झीज त्यात येते. परिभाषेच्या यादीत ‘खाणे’ चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेथे ‘क्षरण’ बसेल. परंतु वर्गात समजावताना पहिला शब्द ‘खाणे’ हाच असावा.

‘तारकर्तन’ हा शब्द मी आता मागे घेतला आहे. त्याच्या जागी ‘तार-क्षरण’ सुचविला असून मुख्य नोंद मात्र ‘वायरकट’ याच शब्दाखाली ठेवावी, असे कळविले आहे. कारण तो शब्द कारखान्यात रूढ झालेला आहे, त्याला विभक्तिप्रत्यय लागतात, त्यापासून ‘वायरकटवाला’ही झाला आहे. सुधारलेली व्याख्या अशी : ‘सतत सरकणारी तार व वीजवाहक धातू यांमधील द्रवाने भरलेल्या फटीत ठिणग्या पाडून, तारेचा स्पर्श होऊ न देता, धातू आखलेल्या रेषेवर झिजविण्याची क्रिया, धातूच्या कठीणपणावर ती अवलंबून नसते. पाहा : स्पार्क.’ शिल्पनिदेशकांना ती दाखविली. त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली : ‘द्रवाने भरलेल्या’ ऐवजी ‘वाहत्या द्रवाने भरलेल्या’ असे लिहावे. झोत थांबला की उडालेले कण फटीत साचतात, ठिणग्या एकाच जागी पडू लागतात आणि तार तुटते.